खजुराची बी, वाळवंटातली गुरं आणि आपला कडबा



घरात खजूर खाल्ला की त्याची बी कुठे जाते? बहुतेक घरांत कचऱ्याच्या डब्यात, नाहीतर थेट उकिरड्यावर. खारकेचंही तेच. खारीक फोडायची, बी भिरकावून द्यायची. त्या बीचा कुणाला काही उपयोग असेल असं आपल्या मनात येत नाही.

आज आपण याच बीचा इतिहास बघणार आहोत. विषय आहे गुरांच्या वैरणीचा आणि जागा आहे संयुक्त अरब अमिराती. आपण बोलताना ज्याला सरसकट 'दुबई' म्हणतो, तो देश. आपल्यापैकी पुष्कळांचे मुलगे, भाऊ, जावई तिकडे कामाला आहेत. ते फोनवर उंच इमारतींचं, रस्त्यांचं सांगतात. तिथल्या शेळ्या-मेंढ्या, उंट आणि गाई काय खातात, हे सहसा कुणी सांगत नाही.

आणि प्रश्न तर मोठा आहे. आपल्या माण, आटपाडी, जतकडे वर्षाला चारशे-पाचशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि आपण त्याला दुष्काळी पट्टा म्हणतो. तिकडे वर्षाची सरासरी जेमतेम शंभर मिलिमीटरच्या आसपास. काही वर्षी तेवढाही नाही. तरीही त्या भूमीवर माणसांनी हजारो वर्षं जनावरं पाळली. ती कशावर पाळली? नंतर पन्नासेक वर्षांत असं काय झालं, की त्याच लोकांना चाऱ्यापायी जमिनीतलं पाणी गमवायची वेळ आली? आणि यात कडबा-भुसकट सांभाळणाऱ्या आपल्यासारख्यांनी काय घ्यावं? तेवढं आज बघू.

सुरुवात फार जुनी आहे. अबू धाबीच्या किनाऱ्यापलीकडे समुद्रात दलमा नावाचं एक बेट आहे. तिथल्या उत्खननात खजुराच्या जळालेल्या बिया सापडल्या. त्यांचं वय निघालं सुमारे सात हजार वर्षं. त्यानंतर आजच्या अल ऐन शहराजवळ हिली नावाच्या ठिकाणी सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची वस्ती सापडली. तिथेही खजूर होता, गहू होता, जव होतं. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी याच भागात 'फलज' तयार झाले. फलज म्हणजे डोंगराच्या पायथ्याचं भूजल जमिनीखालच्या लांब बोगद्यातून उताराने मळ्यापर्यंत आणणारा पाट. अल ऐनचे हे फलज, तिथली हिरवळ आणि जुन्या वस्त्या यांना २०११ साली युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत घेतलं.

या मळ्यांची रचना आपल्या कोकणातल्या बागेसारखी होती. वर खजुराची झाडं. त्यांच्या सावलीत लिंबू, आंबा, डाळिंब. सगळ्यांत खाली जमिनीवर थोडी भाजी आणि थोडी लसूणघास. लसूणघासीचं क्षेत्र मात्र लहान, कारण पाण्याची पाळी मोजून मिळायची. ती हिरवी वैरण दुभत्या जनावराच्या वाट्याला यायची, बाकीच्यांनी मिळेल त्यावर भागवायचं. जिथे फलज नव्हता तिथे विहिरीवर बैल जुंपून कातड्याच्या पखालीने पाणी काढत. बैल उताराच्या धावेवरून खाली गेला की पाणी वर. आपल्या वडीलधाऱ्यांनी हाकलेली मोट डोळ्यांसमोर आणा, तीच गोष्ट. तिकडे तिला 'यझरा' म्हणतात. म्हणजे बैलाला पोटभर खाऊ घातलं तर पाणी, आणि पाणी असेल तर बैलाला खाणं. या चक्रात चाऱ्यासाठी वेगळं शेत पिकवणं परवडणारं नव्हतं.

मग जनावरांनी खायचं काय? रानात शमी होती. हो, दसऱ्याला आपण जिची पूजा करतो तीच. तिकडे तिला 'गाफ' म्हणतात आणि ती त्या देशाचा राष्ट्रीय वृक्ष आहे. तिचा पाला आणि शेंगा शेळ्या-उंट आवडीने खातात. पण गावातल्या, गोठ्यातल्या जनावरांचा खरा आधार होता खजुराच्या झाडातून उरलेला माल. पिकून गळालेला, किडका, माणसाने न खाण्याजोगा खजूर. झाड साफ करताना निघणाऱ्या झावळ्या. घड काढून घेतल्यावर उरलेले देठ. आणि बी.

बीची गोष्ट लेखी पुराव्यासकट सांगता येते. दोन हजार वर्षांपूर्वी स्ट्रॅबो नावाचा एक ग्रीक भूगोलकार होऊन गेला. त्याने बाबिलोनचं, म्हणजे याच आखाताच्या वरच्या टोकाला असलेल्या आजच्या इराकचं वर्णन लिहिलं आहे. तो सांगतो की तिकडचे लोहार-तांबट कोळशाऐवजी खजुराच्या बिया जाळतात आणि त्याच बिया पाण्यात भिजवून बैलांना व मेंढ्यांना पुष्ट करायला खाऊ घालतात.

'पाण्यात भिजवून' हे नीट लक्षात ठेवा. सगळी मेख तिथेच आहे. आपण आंबोण करतो ना? सरकी, पेंड, भरडा रात्री भिजत घालायचा आणि सकाळी धारेच्या वेळी गाईपुढे ठेवायचा. तसंच हे. खजुराची बी दगडासारखी कठीण. जनावराने ती अख्खी गिळली तर शेणातून पुष्कळदा तशीच बाहेर पडते. भिजवली तर मऊ होते. कुटली तर आतलं पोटातल्या जिवाणूंच्या हाती लागतं. म्हणून आखातातल्या गावांत बी भिजवायची, शिजवायची किंवा दगडाने ठेचायची पद्धत पडली. हे काम बहुतेक बायका-मुलांच्या वाट्याला यायचं.

आता त्या बीत असतं तरी काय? खजुराच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा बीचा असतो. बीमध्ये प्रथिनं पाच ते सात टक्के आणि तेल आठ-दहा टक्क्यांच्या आसपास. बाकीचा बहुतेक भाग तंतूंचा. म्हणजे ती सरकी पेंडीची जागा घेणार नाही. पण तेलामुळे तिच्यात ताकद आहे आणि प्रथिनांच्या बाबतीत ती आपल्या ज्वारीच्या कडब्याहून सरस आहे. कडब्यात प्रथिनं तीन-चार टक्केच असतात.

इथे एक अडचण येते. खजूर म्हणजे साखर, झावळी म्हणजे काड्या. दोन्हींत प्रथिनं कमी. रवंथ करणाऱ्या जनावराच्या कोठीपोटात कोट्यवधी जिवाणू असतात आणि चाऱ्यातल्या काड्या खरं तर तेच पचवतात. त्या जिवाणूंना स्वतः वाढायला नत्र लागतं. ते मिळालं नाही तर ते मंदावतात, काड्या पोटात पडून राहतात, जनावर कमी खातं आणि पोट भरलेलं असूनही खंगत जातं. उन्हाळ्यात नुसत्या कडब्यावर असलेली भाकड गाय आठवा. पोट मोठं आणि फासळ्या मोजून घ्याव्यात अशी.

आखातातल्या लोकांना जिवाणू माहीत नव्हते, पण उपाय त्यांच्या समोर समुद्रात होता. तेराव्या शतकाच्या शेवटी मार्को पोलो अरबस्तानच्या किनाऱ्याविषयी लिहिताना सांगतो की तिकडची जनावरं मासे खातात. त्यानंतर चौदाव्या शतकात इब्न बतूता ओमानच्या धोफार भागात आला. तिथे गुरांना तारलीसारखी लहान मासळी खाऊ घालतात हे बघून तो चकित झाला. असं दुसरीकडे कुठे पाहिलं नाही, असं त्याने नोंदवलं आहे. आजच्या अमिरातीच्या किनाऱ्यावरही तेच चालायचं. हंगामात जाळ्यात ढिगाने येणारी बारीक मासळी वाळूवर पसरून उन्हात खडखडीत वाळवायची. थोडी माणसांना, थोडी झाडांना खत म्हणून, राहिलेली गुरांना आणि उंटांना.

आता हे जुळवून बघा. खजुरातून ताकद, सुक्या मासळीतून प्रथिनं, झावळी-गवतातून पोटभरती. आज पशुआहाराचं पुस्तक उघडलं तर त्यात हेच तीन रकाने असतात. त्या लोकांनी ते अनुभवातून जमवलं होतं. (एक खुलासा करून ठेवतो. आज आपल्याकडे गाई-म्हशींना मासळी घालायची अशी शिफारस मी करत नाही. आपल्याकडे त्या जागी पेंड आहे. मुद्दा जुळणीचा आहे.)

विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत हा किनारा आपल्याशी व्यापाराने बांधलेला होता. तिथले मोती मुंबईच्या बाजारात यायचे, खारीक-खजूर मुंबईच्या बंदरात उतरायचा आणि परत जाताना गलबतांतून तांदूळ, कापड, लाकूड जायचं. चलन म्हणून आपला रुपयाच तिकडे चालत होता, अगदी १९६६ सालापर्यंत. १९३० च्या दशकात जपानी संवर्धित मोत्यांमुळे त्यांचा मोत्यांचा धंदा बसला आणि किनाऱ्यावर फार ओढगस्त आली. त्या दिवसांत घरातलं काहीच वाया जात नसे. खजुराची बीसुद्धा नाही.

मग काळ बदलला. १९५५ साली रास अल खैमामध्ये दिगदागा इथे सरकारी शेती-प्रयोग केंद्र सुरू झालं. भाज्या, चारापिकं, नवी अवजारं यांची चाचणी तिथे होऊ लागली. १९५८ साली अबू धाबीत तेल सापडलं आणि १९६२ साली त्याची निर्यात सुरू झाली. २ डिसेंबर १९७१ रोजी सहा अमिरातींचा मिळून देश झाला. दोन महिन्यांनी रास अल खैमा त्यात आलं आणि अमिराती सात झाल्या. पहिले राष्ट्राध्यक्ष शेख झायेद यांनी त्याआधी अल ऐन भागाचा कारभार बघताना जुने फलज दुरुस्त करून घेतले होते. वाळवंट हिरवं करायचं हा त्यांचा ध्यास होता. लोकांना शेतजमिनी मिळाल्या, बोअर मिळाले, पंप मिळाले, वीज मिळाली.

पंप आला तशी वैरणीची रीतच बदलली. आता बी भिजवत, ठेचत कोण बसणार? त्याऐवजी ऱ्होड्स गवत आलं. हे मूळचं आफ्रिकेतलं. दक्षिण आफ्रिकेच्या सेसिल ऱ्होड्स यांचं नाव त्याला पडलं. एकदा लावलं की काही वर्षं टिकतं, कापलं की पुन्हा फुटतं, थोडं खारं पाणीही सोसतं. जनावरंही आवडीने खातात. त्यावर सरकारचं अनुदान होतं. अबू धाबीतल्या शेतकऱ्याला ते इतकं सोयीचं पडलं की मळ्यामागून मळे ऱ्होड्सखाली गेले. जोडीला १९८१ साली अल ऐनमध्ये दुधाचा मोठा उद्योग उभा राहिला. बाहेरून आणलेल्या जास्त दूध देणाऱ्या गाई थंडावा केलेल्या गोठ्यांत बांधल्या गेल्या. घराघरातल्या शेळ्या, मेंढ्या, उंटही वाढले.

याची किंमत जमिनीखाली मोजली जात होती. त्या देशाच्या खोल थरांतलं पाणी हे पुष्कळसं हजारो वर्षांपूर्वी, हवामान ओलं असताना मुरलेलं आहे. शंभर मिलिमीटरच्या पावसात ते परत भरून येत नाही. आपल्या विहिरीला निदान मृग-हस्ताची आशा असते. तिथे ती नाही. उपसा चालू राहिला तशी पातळी खाली गेली आणि पाणी खारट होत गेलं. अबू धाबीच्या शेतीत वापरल्या जाणाऱ्या पाण्यापैकी अर्ध्याहून मोठा वाटा एकट्या ऱ्होड्स गवताला जातो, असा हिशेब पुढे आला. माणसाच्या पानात जाणाऱ्या भाजी-फळाला उरलेलं पाणी.

शेवटी २०१० च्या सुमारास अबू धाबी सरकारने ऱ्होड्सचं अनुदान बंद करायचा निर्णय घेतला आणि शेतकऱ्यांनी हे गवत सोडून दुसरं पीक घ्यावं म्हणून त्यांना मदत देऊ केली. त्या अमिरातीत तेव्हा सुमारे चोवीस हजार शेतं होती. ज्यांनी वर्षानुवर्षं ऱ्होड्सवर घर चालवलं, त्यांना हे सोपं गेलं असेल का? तुम्हाला उद्या कुणी ऊस काढून टाका म्हटलं तर कसं वाटेल, त्यावरून अंदाज करा.

याच काळात दुसऱ्या बाजूला खजूर वाढतच होता. देशात आज खजुराची कोट्यवधी झाडं आहेत. प्रत्येक झाडाच्या दरवर्षी साधारण दहा ते वीस झावळ्या काढाव्या लागतात. हा सगळा माल पूर्वी गोठ्यात, कुडात, चुलीत जायचा. आता तो शेताच्या कडेला ढीग होऊन पडू लागला, जाळला जाऊ लागला. १९८५ साली तिथे खजुराच्या खोडात शिरणारी लाल सोंड्या भुंग्याची कीड आढळली. तेव्हापासून बागेत घाण साचू न देणं आणखीच गरजेचं झालं. म्हणजे बघा, चारा कमी पडतोय म्हणून भूजल उपसायचं आणि चारा होऊ शकेल असा माल काडी लावून जाळायचा. दोन्ही एकाच गावात.

हे ओळखीचं वाटलं का? पाचट पेटवणारी शेतं आठवा आणि त्याच तालुक्यातली चारा छावणी आठवा.

मग पुन्हा उरलेल्या मालाकडे नजर वळली, या वेळी प्रयोगशाळेतून. १९९९ साली दुबईत खाऱ्या जमिनीवरच्या शेतीसाठी एक आंतरराष्ट्रीय केंद्र सुरू झालं. खारं पाणी पिऊन वाढणारी गवतं, खारफुटीसारखी झुडपं, बाजरी, ज्वारी यांच्या चाचण्या तिथे झाल्या. ऱ्होड्सऐवजी कमी पाण्यात भागणारं तिथलंच देशी गवत पुढे आणलं गेलं. त्याला इंग्रजीत बफेल म्हणतात आणि आपल्याकडे अंजन गवत. हो, आपलं रानातलं अंजन. अल ऐनच्या विद्यापीठात खजूर आणि त्याची बी जनावरांच्या खाद्यात कशी बसवता येईल यावर काम झालं. २००५ नंतर तिथे खजुरावर प्रक्रिया करणारे मोठे कारखाने उभे राहिले. त्यामुळे एक गोष्ट सोपी झाली. पूर्वी बी घरोघर मूठ-मूठ निघायची, आता एका जागी टनांनी निघते. आपल्या साखर कारखान्यात जशी मळी आणि बगॅस एका जागी मिळते तशी. ती यंत्रावर दळायची, बार्ली, कोंडा, पेंड यांच्यात मिसळायची आणि कांडी करायची. शेळ्या-मेंढ्यांच्या खुराकातल्या महागड्या धान्याचा काही भाग तिने भरून निघतो. सगळा नाही. दोन हजार वर्षांपूर्वीचं भिजवणं-ठेचणं आता यंत्राकडे गेलं, एवढाच फरक.

झावळीचं काम बीपेक्षा अवघड आहे. झावळीत, तुसात, कडब्यात तंतू एका कठीण पदार्थाने जखडलेले असतात. त्याला लिग्निन म्हणतात. लाकडाला लाकूडपण देतं ते हेच. आतला तंतू जिवाणूंना पचवता येतो, पण त्यांना आत शिरायला वाट सापडत नाही. ती वाट करून द्यायची युक्ती जर्मनीत निघाली. पहिल्या महायुद्धात तिथे जनावरांना चारा मिळेनासा झाला, तेव्हा एर्न्स्ट बेकमान नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने काड कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात भिजवून पाहिलं. काड मऊ झालं आणि त्याची पचनीयता बरीच वाढली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नॉर्वेतल्या शेतकऱ्यांनी ही रीत वापरली. पण त्यात एक खोट होती. सोडा काढायला काड भरपूर पाण्याने धुवावं लागायचं आणि ते घाण पाणी नदीत जायचं. वाळवंटात धुवायला पाणी आणायचं कुठून?

म्हणून उष्ण देशांसाठी अमोनियाची रीत जास्त जुळली. युरिया पाण्यात विरघळवून काडावर शिंपडायचा आणि हवा लागू न देता झाकून ठेवायचं. युरियातून अमोनिया सुटतो, तो काडात भिनतो, तंतूंची बंधनं सैल करतो आणि थोडं नत्रही मागे ठेवतो. धुवायची गरज नाही. उष्णता जितकी जास्त तितकं काम लवकर. खजुराच्या झावळ्यांवर, आधी बारीक कुट्टी करून, असे प्रयोग आखाती देशांत झाले आहेत. एक धोका मात्र ध्यानात ठेवायला हवा. गोड माल, म्हणजे खजूर, मळी, गूळ, हा अमोनियाबरोबर झाकून तापत ठेवायचा नाही. त्यातून जनावराला वेड्यासारखं करणारं विष तयार होऊ शकतं. अमोनियाचं काम फक्त कोरड्या काडासाठी. गोडी नंतर, खाऊ घालताना वेगळी.

मग अमिरातीचा चाऱ्याचा प्रश्न सुटला का? नाही, पूर्ण सुटलेला नाही. आजही तिथे बोटी भरभरून लसूणघासीच्या दाबून बांधलेल्या गाठी येतात, अमेरिकेतून, स्पेनमधून. ज्याच्याकडे तेलाचा पैसा आहे तो दुसऱ्याच्या शेतातलं पाणी गवताच्या रूपाने विकत घेऊ शकतो. बी आणि झावळी यांनी त्यातला थोडा भार हलका होतो. झावळी कापायला मजूर लागतो, यंत्र लागतं, वाहतूक लागते. हिशेब बसला तरच ते चालतं. पण आपल्याकडे काय उरतं आणि ते कशाने पचण्याजोगं होतं, हा प्रश्न तिथे परत विचारला जाऊ लागला. मधली तीस-चाळीस वर्षं तो विचारलाच गेला नव्हता.

आता आपल्या दारात येऊ.

आपल्याकडे हे काम नवं नाही. १९६७ साली मणिभाई देसाई यांनी उरुळीकांचनला बायफ संस्था उभी केली. संकरित गाई आल्या तशी त्यांच्या चाऱ्याची चिंता आली. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून भारत आणि नेदरलँड्स यांचा मिळून एक मोठा प्रकल्प चालला, पिकांच्या काडापासून सकस चारा करण्याचा. बायफ त्यात होती. युरिया प्रक्रियेने काड सुधारतं, जनावर जास्त खातं, हे त्यात पुन्हा पुन्हा दिसलं. तरीही ही रीत गावागावांत पसरली नाही. का, ते त्याच प्रकल्पात समजलं. जिथे काड भरपूर आहे, हिरवी वैरण नाही, पाणी आणि हात दोन्ही मोकळे आहेत आणि दुधाला बरा भाव आहे, तिथेच शेतकऱ्याला ती परवडते. ज्याच्याकडे हिरवा चारा आहे त्याला गरज नाही. ज्याची गाय दिवसाला दोन लिटरवर आहे त्याला फायदा दिसत नाही. म्हणजे शेतकरी अडाणी होता म्हणून नव्हे, त्याचा हिशेब बसत नव्हता म्हणून. दिगदागा असो की उरुळीकांचन, प्रयोग यशस्वी होणं वेगळं आणि गोठ्यात रुजणं वेगळं.

पण दुष्काळी वर्षात हिशेब बदलतो. २०१३ साली आणि पुन्हा २०१९ साली आपण छावण्या पाहिल्या. तेव्हा वाढ्यांच्या मोळीसाठी रांगा लागल्या होत्या. अशा वर्षासाठी ही रीत माहीत असावी, म्हणून थोडक्यात सांगतो.

शंभर किलो वाळलेली कुट्टी किंवा गव्हाचं भुसकट घ्या. चार किलो युरिया पन्नास ते साठ लिटर पाण्यात पूर्ण विरघळवा. खडा राहता कामा नये. जमिनीवर प्लास्टिक अंथरून वीतभर थर द्या, झारीने सारखं शिंपडा, पायाने तुडवून हवा काढा. असे थरावर थर. वरून प्लास्टिकने घट्ट झाकून कडांना माती लावा. एकवीस दिवस उघडू नका. उघडल्यावर उग्र वास येईल, तो जाईपर्यंत चारा मोकळ्या हवेत पसरून ठेवा. सुरुवातीला नेहमीच्या वैरणीत थोडा-थोडा मिसळून द्या आणि आठवड्याभरात वाढवा. चांगल्या प्रक्रियेनंतर प्रथिनांचं प्रमाण तीन-चार टक्क्यांवरून सात-आठ टक्क्यांपर्यंत जातं.

सांभाळायचं काय? सहा महिन्यांच्या आतल्या वासराला हा चारा द्यायचा नाही. घोडा, गाढव यांनाही नाही, त्यांना कोठीपोट नसतं. उपाशी जनावरापुढे एकदम टाकायचा नाही. युरियाची पोती आणि त्याचं पाणी जनावराच्या तोंडाला लागेल असं ठेवायचं नाही, ते विषच आहे. पहिल्यांदा करताना तुमच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांना विचारून करा. आणि हे सगळं जमणार नसेल तर निदान कडब्याची कुट्टी करा, थोडी भिजवा आणि सोबत मूठभर पेंड द्या. अख्खा कडबा टाकला की बुडखे गव्हाणीत तसेच राहतात हे तुम्ही रोज बघता. उसाची वाढी घालत असाल तर जोडीला चुन्याची निवळी द्या, कारण वाढ्यातलं ऑक्झॅलेट जनावराच्या अंगातला चुना ओढून नेतं.

दलमा बेटावर ज्यांच्या चुलीत त्या बिया जळाल्या, त्यांना पाण्याची किंमत कुणी शिकवली नव्हती. त्यांच्या नातवांच्या नातवंडांना ती पंपामुळे काही वर्षं विसरता आली आणि मग महागात पडली. आपल्या बोअरची खोली गेल्या वीस वर्षांत किती वाढली, हे तुमच्या तुम्हीच आठवून बघा. या वर्षी सुगी झाल्यावर बांधावर काय उरतं, त्यातलं काय जळतं आणि काय गोठ्यात येऊ शकतं, हे एकदा घरातल्या सगळ्यांनी बसून मोजा. वैरण विकत घ्यायची वेळ आली तर किती पेंढ्या कमी घ्याव्या लागतील, हे त्यातून लगेच कळेल.

आणि तिकडे दुबई-शारजाला तुमचं कुणी असेल, तर पुढच्या फोनवर त्याला विचारा, तिथल्या बाजारात शेळ्यांचं खाद्य कुठे मिळतं आणि त्यात खजूर असतो का. काय सांगतो ते आम्हालाही कळवा.

काळजी घ्या, जनावरांचीही घ्या. नमस्कार.